मास्तरांनी जुळवलेला पिवळा

रंगखान्यात त्यांना सगळे मास्तर म्हणत, म्हणून हळूहळू घरीही मास्तरच झाले. शाळेत त्यांनी कधी कुणाला शिकवलं नव्हतं. शाळा त्यांनी लवकर सोडली आणि शाळेनेही त्यांना फारसं अडवलं नाही. पण गिऱ्हाइकाने बोटभर कापडाचा तुकडा आणून पुढे टाकला की मास्तर तो खिडकीच्या उजेडात धरायचे, एक डोळा बारीक करायचे आणि कुठली पावडर किती घ्यायची ते बसल्या जागी सांगायचे. टाकीतून कापड बाहेर येई ते तुकड्याशी तंतोतंत जुळलेलं. निवृत्त झाल्यावरही एखादी छटा जुळेनाशी झाली की रंगखान्यातून माणूस बोलवायला यायचा, आणि मास्तर दोनदा नको-नको म्हणून तिसऱ्यांदा चप्पल घालायचे.

गर्वही तेवढाच होता. हातमोजे घालणाऱ्या पोरांची त्यांनी आयुष्यभर टर उडवली. ‘बाळाला आंघोळ घालतोयस का रे?’ म्हणायचे आणि स्वतः कोपरापर्यंत हात बुडवून रंग ढवळायचे. त्यांच्या नखांचा खरा रंग बायकोने लग्नानंतर कधी पाहिला नव्हता.

रंगखान्यात लघवीला रंग येणं हा थट्टेचा विषय होता. पावडर नाकातोंडात जायची, अंगावर बसायची, तेव्हा कधीमधी असं व्हायचंच. कुणी मोरीवरून परत आला की बाकीचे विचारायचे, ‘काय, आज कुठल्या रंगाचा लॉट?’ आणि सगळे हसायचे. डॉक्टरकडे जावं असं कुणाच्या मनात येत नसे. म्हणून मास्तरांना पहिल्यांदा लाल लघवी झाली, तेव्हा ते आदल्या दिवशी एका लाल लॉटसाठी जाऊन आलेले होते आणि त्यांनी मनाशी म्हटलं, ‘चढला वाटतं.’ दुसऱ्या दिवशी पिवळी झाली. विषय संपला.

पण पुढे कुठलाच लॉट नसताना पुन्हा लाल झाली. मग काही दिवस काही नाही, मग पुन्हा. दुखत मात्र अजिबात नव्हतं, आणि तेच वाईट झालं. दुखलं असतं तर माणूस ओरडला असता. हे गुपचूप यायचं आणि गुपचूप जायचं. मास्तरही गुपचूप बादलीभर पाणी ओतायचे, वर ब्रश घेऊन संडास घासायचे.

“आज काय विशेष?” बायको दारात उभी राहून म्हणाली. “लग्न झाल्यापासून तुमच्या हातात ब्रश पाहिला नाही मी. पाहुणे यायचेत का?”

“माणसाला स्वच्छता नको का?” मास्तर आतून ओरडले.

बायको काही दुधखुळी नव्हती. धुवायच्या लेंग्यावर तिला गुलाबी ठिपका दिसला, आणि तिने नवऱ्याला हाताला धरून डॉक्टरांपुढे नेऊन बसवलं.

डॉक्टर लघवीच्या आजारांचे, कमी बोलणारे, पण विचारलेला प्रश्न पुन्हा एकदा विचारणारे. “किती वेळा लाल झाली?”

“एकदोनदा,” मास्तर म्हणाले. “लाल म्हणजे, जराशी गुलाबीसर.”

आयुष्यभर रंगाच्या बाबतीत एका शब्दाचंही खोटं न बोललेला माणूस! गुलाबीसर काय असतं आणि गडद लाल काय असतं हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण बायको शेजारी बसलेली, कोपऱ्यात नर्स उभी. जीभ रेटेना.

सोनोग्राफीत डावी किडनी थोडी फुगलेली दिसली. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. किडनी, तिच्या आतला नरसाळ्यासारखा भाग, आणि तिथून खाली मूत्राशयापर्यंत गेलेली बारीक नळी. “इथे वरती कुठेतरी काहीतरी अडतंय. खडा असेल, रक्ताची गुठळी असेल, नाहीतर गाठ असेल. औषध टोचून स्कॅन केला की छान दिसतं, पण तुमच्या रक्ताच्या रिपोर्टात किडन्या जरा दमलेल्या दिसतायत. त्यांना ते औषध सोसलं पाहिजे. आधी साधा स्कॅन करू.”

साध्या स्कॅनमध्ये खडा नव्हता. मग डॉक्टर म्हणाले, “आता लघवीतल्या पेशी तपासू. वर गाठ असेल तर तिच्या पेशी सुटून खाली येतात. सकाळची पहिली लघवी नको, त्यात पेशी रात्रभर पडून खराब होतात. दुसऱ्या वेळची द्या, ताजी. आमच्याच लॅबमध्ये.” आणि कौतुकाने पुढे म्हणाले, “तुमची सूनबाई तिथेच आहे ना? मग काय, घरचंच काम झालं!”

मास्तरांनी चित्राचा कागद उगाच चौघडी करून खिशात घातला.

सुनेचं काम हा मास्तरांच्या घरातला न बोलायचा विषय होता. ती त्या दवाखान्याच्या लॅबमध्ये टेक्निशियन होती. दिवसभर लोकांची लघवी, थुंकी, पोटातून काढलेलं पाणी घ्यायचं, यंत्रात फिरवायचं, काचेवर पसरायचं, रंगवायचं आणि मोठ्या बाईंपुढे ठेवायचं. मोठ्या बाई म्हणजे लॅबच्या मुख्य डॉक्टर. लग्न ठरताना मास्तरांनी नातेवाइकांना सांगितलं होतं, ‘मुलगी दवाखान्यात ऑफिसात असते.’ पुढेही तेच सांगत राहिले. लग्नाला फार दिवस झाले नव्हते तेव्हा, एकदा जेवताना सून उत्साहाने सांगायला लागली की आज एका माणसाच्या लघवीत काय सापडलं. मास्तर ताटावरून उठले. बोलले काहीच नाहीत, नुसते उठले. त्या दिवसापासून सुनेने घरात कामाचा शब्द काढला नाही. विचारलं तर म्हणायची, “नेहमीचंच, बाबा.”

आणि आता तिच्याच हातात आपली लघवी द्यायची. तीही तसली.

सकाळी सुनेने झाकणाची डबी मास्तरांच्या खोलीच्या दाराशी ठेवली. त्यांचं नाव लिहिलेला स्टिकर आधीच चिकटवलेला. “बाबा, दुसऱ्या वेळची भरून ठेवा. जाताना मी नेते,” इतकंच म्हणून ती वेणी घालायला गेली. ती मुद्दाम साधं बोलली, त्यांना अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. त्यामुळे ते जास्तच अवघडले.

डबी भरली तेव्हा ती गडद लाल होती. तळाशी बारीक लांबट धागे पडले होते, गांडुळाच्या पिल्लांसारखे. मास्तरांनी ती पंच्यात गुंडाळली आणि मागच्या खोलीत गेले. तिथे त्यांच्या जुन्या बरण्या होत्या. इतक्या वर्षांच्या पावडरींचे नमुने जपून ठेवलेले, बायकोच्या शिव्या खाऊनही न टाकलेले. त्यांनी दार लावून घेतलं.

नंतर पुष्कळदा त्यांनी स्वतःला विचारलं की दार लावताना आपल्या मनात नक्की काय होतं. फसवायचं असं काही नव्हतं. ते ठरवून बसलेच नव्हते. पुढ्यात चुकीची छटा आली होती आणि हात आपोआप कामाला लागले, एवढंच. आधी मलमलच्या फडक्यातून गाळलं, टाकीतला रंग गाळतात तसं. धागे फडक्यावर राहिले, फडकं चुलीत गेलं. मग अर्ध्याहून जास्त ओतून टाकून नळाचं पाणी घातलं. लाल गेला, पण लालीची झाक राहिली. लाली मारायची तर हिरवट अंगाचा पिवळा लागतो, नुसता पिवळा घातला तर नारिंगी होतं. बरणीतून टाचणीच्या टोकावर बसेल इतका हिरवट पिवळा घेतला. ढवळलं. खिडकीशी धरलं. एक डोळा बारीक केला.

असा पिवळा आला की कुठल्याही निरोगी माणसाने हेवा करावा. आणि मास्तर हसले. चांगली छटा उतरली की रंगखान्यात हसायचे तसेच. पुढे त्यांना सगळ्यात जास्त टोचलं ते हे हसणं.

सुनेने डबी उजेडात पाहिली. “वा, बरीच स्वच्छ दिसतेय,” ती म्हणाली आणि हायसं वाटल्यासारखी पर्समध्ये ठेवून निघून गेली. मास्तर तिच्या खांद्यावरच्या पर्सकडे बघत राहिले. एकदा वाटलं, हाक मारावी. हाक ओठांपर्यंत आली आणि तिथेच बसली.

रिपोर्ट आला तो विचित्र होता. रक्ताने रंग बदलणारी तपासणीची पट्टी बुडवली की पट्टी म्हणायची, रक्त आहे. सूक्ष्मदर्शकाखाली बघावं तर रक्ताची एक पेशी धड नाही. बाकीच्या पेशीही फुगून फुटलेल्या, ओळखू न येणाऱ्या. साधं पाणी शिरलं की पेशी फुगतात आणि फुटतात, हे लॅबमध्ये नवशिक्यालाही माहीत असतं. मोठ्या बाईंनी कपाळाला आठ्या घालून लिहिलं, ‘सॅम्पल तपासण्याजोगं नाही, पुन्हा पाठवा.’

मास्तरांनी पुन्हा पाठवलं. पुन्हा गाळून, पुन्हा पाणी घालून, पुन्हा तोच पिवळा. पहिल्या लॉटशी दुसरा जुळलाच पाहिजे, ही तर त्यांची ख्यातीच होती.

दुसराही रिपोर्ट तसाच आल्यावर डॉक्टरांनी विचारलं, “आता लाल होते का?”

“छे, बंद झाली,” मास्तर म्हणाले.

“नक्की?”

“नक्की.”

डॉक्टरांनी जरा वेळ त्यांच्याकडे पाहिलं. खोटं बोलणाऱ्या पेशंटला डॉक्टर तरी किती ओळखणार! “मग थोडं थांबू. रक्ताचा रिपोर्ट सुधारला की औषधाचा स्कॅन करू. त्याआधी एक थेंब जरी लाल दिसला तर तसेच उठून या.”

मास्तर सुटल्यासारखे घरी आले. आणि लाल होतच राहिली. मध्ये एकदा डाव्या कुशीत अशी कळ आली की ते भिंतीला धरून खाली बसले. बायकोला गॅस म्हणून सांगितलं. ती ओवा चोळायला निघाली, तर तिच्यावरच खेकसले.

या सगळ्यात सून गप्प झाली होती. आधीही ती घरी कामाचं बोलत नव्हती, पण आता कशाचंच बोलेना. भाजी करपली. फोन वाजला की दचकायची. मास्तरांना वाटलं, दमत असेल बिचारी. मुलगा मात्र एके दिवशी बाजारातून पिशवी घेऊन आला आणि बापाशेजारी पायरीवर बसून म्हणाला, “बाबा, तिला स्लाइडवरून काढलंय.”

“म्हणजे?”

“तुमची दोन्ही सॅम्पल्स पाणी शिरलेली निघाली ना. मोठ्या बाईंचं म्हणणं, ही नळ्या धुते आणि पाणी नीट काढत नाही. आत्तापर्यंतच्या तिच्या सगळ्या स्लाइड्स पुन्हा तपासतायत. काही सापडलं तर नोकरी गेली. सध्या काउंटरवर बसवलंय, स्टिकर चिकटवायला.” मुलगा पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होता. “बरं, भांडावं ना हिने? तर हीच म्हणते, घरच्या माणसाचं सॅम्पल, मी घाई केली असेन, चूक माझीच असेल. रोज घरी येऊन नळी कशी धुतली ते आठवत बसते.”

मास्तरांना कुणी थोबाडीत मारल्यासारखं झालं. पायरीखालची जमीन दुभंगली असती तर ते आनंदाने आत गेले असते. आपली लाज झाकायला आपण घातलेलं पाणी त्या पोरीच्या डोक्यावरून वाहत होतं, आणि ती ते मुकाट्याने आपलंच समजत होती.

संध्याकाळी त्यांनी सांगायचं ठरवलं. सून कपडे घडी करत होती. मास्तर दारात जाऊन उभे राहिले, खाकरले.

“काही हवंय का, बाबा?”

“नाही. म्हणजे… ते आपलं…”

“चहा टाकू?”

“टाक,” मास्तर म्हणाले. “अर्धाच.”

चहा प्यायले आणि खोलीत गेले. इतकी लाज त्यांना स्वतःची कधी वाटली नव्हती. लाल लघवीची वाटली होती ती लाज हिच्यापुढे काहीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सून कामाला गेल्यावर त्यांनी मागच्या खोलीतून हिरवट पिवळ्याची पुडी बांधली, खिशात घातली आणि दवाखान्यात गेले. लॅबपुढे लांब बाकावर माणसं दाटीवाटीने बसली होती. काउंटरच्या काचेमागे सून. मान खाली, अंगठ्याने स्टिकर दाबतेय.

“बाबा? काय झालं? दुखतंय का?” ती उभीच राहिली.

“मोठ्या बाई आहेत का?” मास्तर म्हणाले. तिच्या डोळ्यांकडे त्यांना बघवलं नाही.

ते आत गेले. मोठ्या बाई सूक्ष्मदर्शकावरून मान वर करून त्यांच्याकडे बघत होत्या. सून मागे येऊन उभी राहिली. मास्तरांनी रस्ताभर घोकलेली वाक्यं एका दमात सांगून टाकली. “लघवीत पाणी मी घातलं होतं. दोन्ही वेळा. हिची काही चूक नाही.”

मोठ्या बाई हसल्या. वाईट नाही हसल्या, पण हसल्या. “काका, सुनेसाठी धावून आलात, फार चांगलं वाटलं. माझ्या सासऱ्यांनी असं केलं नसतं. पण पाणी घातलेली लघवी पाण्यासारखी दिसते. ती दोन्ही सॅम्पल्स चांगली पिवळी होती, मी स्वतः पाहिलीयत. पाणी इथे शिरलंय, फिरवताना.”

असं होईल हे मास्तरांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. खरं सांगायला आलेल्या माणसाला शाबासकी मिळाली होती, आणि सून होती तिथेच राहिली होती. त्यांनी खिशातली पुडी काढून टेबलावर ठेवली.

“तो पिवळा माझा,” ते म्हणाले.

“म्हणजे?”

“एक रिकामी डबी द्या. दाखवतो.”

डबी घेऊन ते समोरच्या संडासात गेले आणि परत आले. परत येताना ती झाकायला त्यांच्याकडे काही नव्हतं. दोन्ही हातांत धरून, भरल्या बाकासमोरून, लालभडक डबी घेऊन ते चालत आले. बोलणारे बोलायचे थांबले. एका बाईने मुलाचं तोंड दुसरीकडे वळवलं. मास्तरांना घाम फुटला होता, पण डबी सांडू नये म्हणून ते सावकाश चालले.

आत येऊन त्यांनी ती टेबलावर ठेवली. सुनेने ‘बाई गं’ म्हणून तोंडावर हात ठेवला. “पाणी,” मास्तर म्हणाले, “आणि गाळायला एक फडकं.”

फडकं पुढे करण्याऐवजी सुनेने त्यांचं मनगट धरलं. “थांबा. हात लावू नका.” ती डबीवर वाकली. तळाशी ते बारीक लांब धागे होते. “बाई, हे बघा.”

मोठ्या बाई उठून आल्या. दोघी डबीवर वाकल्या आणि मास्तर बाजूला नुसते उभे राहिले.

“किडनीच्या नळीत गोठलेलं रक्त आहे,” सून हळू म्हणाली. “नळीच्याच आकाराचं. खालून येत असतं तर असं लांब आलं नसतं. वरून येतंय, बाबा, किडनीकडून.” मग एकदम तिने मान वर केली. “हे असं तेव्हाही होतं?”

“होतं.”

“मग मला का नाही दिसलं?”

“गाळून टाकलं,” मास्तर म्हणाले. “मलमलमधून.”

सुनेने अर्धी लघवी काळजीपूर्वक वेगळ्या नळीत काढून ठेवली आणि उरलेली त्यांच्यापुढे सरकवली. “आता करा,” म्हणाली. आवाजात राग होता. तो ऐकून मास्तरांना उलट बरं वाटलं.

मास्तरांनी गाळलं, पाणी घातलं, पुडीतून टाचणीच्या टोकावर पावडर घेतली. आयुष्यात कितीजणांपुढे त्यांनी छटा जुळवून दाखवल्या होत्या, आणि प्रत्येक वेळी समोरचा माणूस वाहवा करायचा. आज त्यांच्या हाताखाली तसाच पिवळा उतरला, अगदी तसाच, आणि कुणी ब्र काढला नाही.

मोठ्या बाईंनी स्वतः पट्टी बुडवली. पट्टी म्हणाली, रक्त आहे. एक थेंब काचेवर घेऊन पाहिला. धड पेशी एकही नाही. त्या बराच वेळ डोळा लावून बसल्या, मग खुर्ची मागे सरकवून सुनेकडे वळल्या. “मी तुला जे काही बोलले…” एवढं म्हणून त्या अडल्या. अशा माणसांना माफी मागायची सवय नसते. “जा, तुझी जागा घे. वेगळी काढलेली लगेच फिरवायला लाव. मी डॉक्टरांना फोन करते. औषधाचा स्कॅन आता थांबवून चालणार नाही, आणि लघवीच्या वाटेने दुर्बीण घालून तपासायला तुकडाही घ्यावा लागेल.”

त्या फोन करायला बाहेर गेल्या. सासरा आणि सून दोघंच राहिले.

“डबी दिली त्या दिवशी सांगता आलं नाही?” सून म्हणाली. तिने हातमोजे चढवले होते आणि ती मास्तरांकडे बघत नव्हती.

“लाज वाटली.”

“रोज शेकडो लोकांची बघते मी. तुमची बघताना मला काय होणार होतं?”

“तुला नाही. मला.” सांगायचंच तर आता सगळंच सांगावं लागणार होतं. “तुझ्या कामाचीच लाज वाटायची मला. लोकांना ऑफिसात आहे म्हणून सांगत आलोय.”

“माहीतेय मला,” सून म्हणाली. “तुमच्या बहिणीने एकदा विचारलं होतं, साहेबांची पत्रं टाइप करतेस का म्हणून. मी हो म्हटलं.”

ती हो म्हणाली होती. त्यांचं खोटं उघडं पडू नये म्हणून! मास्तर कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले.

सून कामाला लागली. नळी फिरवून तळाशी बसलेला गाळ तिने काचेवर पसरला. मग ती काच एका चौकोनी भांड्यात बुडवली. भांड्यात गडद निळा रंग होता. शेजारी स्वच्छ पाणी, पुढे नारिंगी, पुढे हिरवट, मध्ये पुन्हा धुवायची भांडी. बुडवायची, निथळू द्यायची, धुवायची, जास्तीचा रंग उतरवायचा, पुन्हा बुडवायची. कधी बाहेर काढायची ते ती काच उजेडाकडे धरून ठरवत होती, एक डोळा बारीक करून.

मास्तर बघत राहिले. हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. ही रंगारीण होती. त्यांच्याच घरात राहत होती, त्यांच्याच ताटात वाढत होती, आणि तिला कामाबद्दल एक प्रश्न विचारायलाही ते कधी थांबले नव्हते.

“निळा किती वेळ ठेवतेस?” त्यांनी विचारलं. पहिल्यांदाच विचारलं.

“रंग ताजा असेल तर कमी. जुना झाला की थोडा जास्त,” ती म्हणाली. जरा वेळाने आपणहून पुढे म्हणाली, “जास्त धरला तर सगळंच काळं दिसतं, बाबा. मग वाईट कुठलं आणि चांगलं कुठलं, कळत नाही.”

मोठ्या बाई परत आल्या, तयार काच त्यांनी पाहिली आणि सुनेला जागा दिली. सुनेने डोळा लावला. ती हलली नाही. मास्तर तिच्या पाठीकडे बघत होते. इतका वेळ बघण्यासारखं त्या काचेवर काय असेल, याची त्यांना कल्पना आली होती.

“मलाही दाखव,” ते म्हणाले.

सुनेने बाईंकडे पाहिलं. हे नियमात बसत नव्हतं. बाई खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

मास्तर वाकले. फिकट हिरव्या-निळ्या पेशींचा पसारा दिसला. प्रत्येक पेशीच्या मधोमध एक निळा ठिपका, एकसारखा, शांत. आणि त्यांच्यात एक घोळका वेगळाच. ठिपके मोठे, वेडेवाकडे, काळ्यावर गेलेल्या निळ्याचे. त्याच भांड्यातून निघून त्यांनी दुप्पट रंग धरला होता.

“हे गडद…” मास्तर म्हणाले.

“हो, बाबा.”

“तेच का?”

“तेच. स्कॅन होईल, तुकडा घेतील, मग डॉक्टर पक्कं सांगतील. पण तेच आहे.”

मास्तर वाकलेलेच राहिले. विचारू नये असं वाटत होतं, आणि विचारल्याशिवाय मान वर करता येणार नव्हती.

“हे पहिल्या डबीतच दिसलं असतं?”

सून नाही म्हणाली असती तरी चाललं असतं, ते तपासायला कुणी जाणार नव्हतं. या घरासाठी ती एकदा खोटं बोललीही होती.

“दिसलं असतं,” ती म्हणाली.

मास्तरांनी मान हलवली. डोळा काचेला लावलेलाच होता, पण आता त्यांना काहीच दिसेना. हिरवं, निळं, गडद, सगळं एकमेकांत मिसळून गेलं.

“धूसर झालं गं,” ते म्हणाले.

सून पुढे झाली. दोष यंत्रात नाही हे तिला कळत होतं. तरी तिने त्यांच्या हाताशेजारून हात घातला आणि चित्र स्पष्ट करायची फिरकी अगदी हळू, जराशी फिरवली.

“आता?” तिने विचारलं.

“थांब,” मास्तर म्हणाले. “जरा वेळ थांब.”